वाचक विचारतात : प्रार्थनेसाठी मोबाइलवर अलार्म लावला तर काय बिघडलं?

मागच्या अंकात कौटुंबिक प्रार्थनेबद्दल लिहिताना मी जाता जाता म्हटलं होतं की घरात संध्याकाळची एक वेळ पक्की करा आणि लक्षात राहत नसेल तर सरळ मोबाइलवर अलार्म लावा. तेवढ्याच वाक्यावर ढीगभर पत्रं आली, व्हॉइस नोट्सचं तर विचारूच नका. काहींना ते पटलंय, काहींना तो देवाचा अपमान वाटलाय आणि बऱ्याच जणांनी अलार्म लावून बघितलाय पण चार दिवसांत सगळं बंद पडलंय. म्हणून यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून याच पत्रांना उत्तरं देतेय. नावं छापलेली नाहीत, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न : सलाम ताई. आमच्या घरी पूर्वी सासूबाई साडेसातला हाक मारायच्या, "चला रे प्रार्थनेला", की सगळे येऊन बसायचे. आता त्यांना गुडघ्यांमुळे उठवत नाही, त्या आतल्या खोलीत असतात. मिस्टर एमआयडीसीत, एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक सेकंड, एक नाइट. मुलगा दहावीला, मुलगी पाचवीला. तुमचं वाचून मी आठचा अलार्म लावला. पहिला आठवडा सगळे आले, मग कोणीतरी स्नूझ करायला लागलं, आता तो वाजला की घरभर ओरडा होतो, "आई तो बंद कर ना". मिस्टर म्हणतात देवाला काय अलार्म लागतो का, मनातून आलं पाहिजे. मला वाईट वाटतं. माझं काय चुकतंय? — एक आई, नगर

बाई, तुमचं काही चुकत नाहीये, आधी ते वाईट वाटणं काढून टाका. तुम्ही घराला देवापुढे बसवायला बघताय, त्यात वाईट काय वाटून घ्यायचं.

मिस्टरांचं म्हणणं आधी घेते कारण ते खूप घरांत म्हटलं जातं आणि ऐकायला फार आध्यात्मिक वाटतं. मनातून आलं पाहिजे हे खरंच आहे, पण बायबलमधला दानीएल काय मनात येईल तेव्हा गुडघे टेकायचा का? त्याच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय, दिवसातून तीनदा, यरुशलेमेकडची खिडकी उघडी ठेवून, आणि सिंहांच्या गुहेत टाकू अशी आज्ञा निघाल्यावरही नेहमीसारखंच. येशूचे शिष्य पेत्र आणि योहान मंदिरात निघाले होते तेसुद्धा प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळेला, दुपारी तीनच्या सुमारास (प्रेषितांची कृत्ये, तिसरा अध्याय), आणि त्या वेळेला निघाले म्हणूनच त्यांनी बरा केलेला तो पांगळा माणूस त्यांना दारात भेटला. आणि बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात तर परमेश्वर स्वतःच इस्राएल लोकांना सांगतो की कपड्याच्या टोकांना गोंडे लावा, त्यात निळा दोरा घाला, का, तर ते दिसले की माझ्या आज्ञा आठवतील. माणूस विसरतो हे देवाला पक्कं माहीत आहे आणि त्याची सोय त्यानेच करून दिलीय. तो निळा दोरा जर चालला तर तुमचा आठचा अलार्म का चालू नये? मिस्टरांना हे तिन्ही उतारे शांतपणे वाचायला द्या, वाद घालू नका.

आता अलार्म चार दिवसांत का मरतो ते बघू, कारण हे फक्त तुमच्याकडे होत नाहीये, निम्म्या पत्रांत हेच रडगाणं आहे.

मला वाटतं मुख्य कारण हे की अलार्म वाजतो पण तो कोणासाठी वाजतोय हेच कोणाला माहीत नसतं. स्क्रीनवर नुसतं "८:००" येतं, फार तर "प्रार्थना" असं येतं. दहावीच्या मुलाला त्याचा अर्थ एवढाच लागतो की आता उठावं लागणार. तर अलार्मला नाव द्या. घड्याळाच्या ॲपमध्ये अलार्म उघडलात की लेबल लिहायची जागा असते, मराठीतही लिहिता येतं, आणि वाराप्रमाणे वेगवेगळे अलार्म लावता येतात. मग सोमवारी आठला स्क्रीनवर येऊ दे "पप्पांची नाइट शिफ्ट", मंगळवारी "शेजारच्या काकूंचं डायलिसिस", बुधवारी "आजीचे गुडघे", गुरुवारी वर्गातला जो मुलगा शाळेत यायचा थांबलाय त्याचं नाव. मुलांना विचारून ती नावं भरा आणि दर महिन्याला बदला. "प्रार्थनेला या" म्हटल्यावर जो मुलगा तोंड वाकडं करतो तोच "काकूंची आज तारीख होती ना, कसं झालं?" असं विचारत येतो हे मी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या घरांत बघितलंय.

दुसरं कारण म्हणजे ज्या फोनमध्ये अलार्म वाजतो त्याच फोनमध्ये सगळी दुनिया भरलेली आहे. अलार्म बंद करायला फोन हातात घेतला की वर तीन मेसेज दिसतात, एक उघडला की त्यात एक लिंक, आणि पाच मिनिटांनी आपण कुठल्यातरी लग्नाचे फोटो बघत उभे असतो. म्हणून घरात एखादा जुना फोन पडला असेल, आणि तो प्रत्येक घरात पडलेला असतोच, तर त्यातलं सिम काढा, वायफाय बंद करा आणि तो फ्रिजवर चार्जिंगला ठेवून द्या. अलार्मला नेट लागत नाही. आणि तो फ्रिजवर असल्यामुळे बंद करायला कोणालातरी उठून उभं राहावं लागतं, हा त्याचा मोठाच फायदा आहे.

स्नूझचं बटण मात्र पूर्ण बंद. याबाबतीत मी अजिबात ढिली नाही. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी नियम लिहिले, त्यात त्रेचाळिसाव्या अध्यायात आहे की प्रार्थनेचा इशारा ऐकू आला की हातात जे असेल ते तिथेच सोडून लगेच निघायचं. शेतावर काम करणारे, भटारखान्यात राबणारे लोक होते ते, त्यांनाही कामं होतीच की. गॅसवर काही असेल तर गॅस बंद करा आणि या. भाजी पाच मिनिटं थांबते.

आणि त्याच नियमांत थोडं पुढे, सत्तेचाळिसाव्या अध्यायात अजून एक गोष्ट आहे जी मला तुमच्या घरासाठी फार उपयोगी वाटते. तिथे म्हटलंय की वेळेचा इशारा देण्याची जबाबदारी मठाच्या प्रमुखाने स्वतः घ्यावी नाहीतर एखाद्या काटेकोर बंधूवर सोपवावी. म्हणजे कोणीतरी एकच माणूस. तुमच्याकडे अलार्म तुम्ही लावता, बंद तुम्ही करता, हाका तुम्ही मारता, म्हणून घराला तो "आईचा अलार्म" वाटतो आणि आईच्या इतर सूचनांसारखाच तो कानाआड जातो. हे काम पाचवीतल्या मुलीला द्या. खरंखुरं द्या, म्हणजे ती विसरली तर त्या दिवशी तुम्ही मध्ये पडू नका. रविवारी उपासनेहून आलात की तिने पप्पांची पुढच्या आठवड्याची शिफ्ट विचारायची आणि त्याप्रमाणे अलार्म बदलायचे. फर्स्ट शिफ्ट असेल तर आठ ठीक आहे. नाइटच्या आठवड्यात ते निघायच्या आधी दहा मिनिटांचा लावायचा, आणि तेव्हा बसायचं पण नाही, दारातच उभं राहून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून दोन वाक्यांची प्रार्थना करायची. सेकंडच्या आठवड्यात ते घरीच नसतात, तर तुम्ही तिघं आणि आजी, आणि त्यांना ब्रेकमध्ये एक मेसेज की आज कोणासाठी प्रार्थना झाली. सगळे एकत्र नसले तर प्रार्थनाच नाही असा नियम आपण का करून घेतलाय कोण जाणे.

आता सासूबाई. पत्रातलं ते वाक्य मी दोनदा वाचलं, "चला रे प्रार्थनेला". तुमच्याकडे अँड्रॉइड फोन असेल तर अलार्मला हवा तो आवाज लावता येतो. सासूबाईंच्या खोलीत जा, फोनमधल्या रेकॉर्डर ॲपवर त्यांच्याच आवाजात ती हाक रेकॉर्ड करा, पंखा बंद करून करा म्हणजे आवाज स्वच्छ येतो, आणि तीच फाइल अलार्मच्या आवाजात निवडा. व्हॉट्सॲपवरची व्हॉइस नोट घेऊ नका, ती अलार्मच्या यादीत कधी दिसते कधी दिसत नाही. मग आठला ती ट्यूनट्यून वाजण्याऐवजी आजी हाक मारेल, आणि आजीला कोणी "बंद कर ना" म्हणणार नाही. आणि सगळ्यांनी त्यांच्या खोलीत जमायचं, हॉलमध्ये टीव्हीसमोर नाही. त्या फाइलची एक कॉपी दुसरीकडे जपून ठेवा, फोन बदलताना असल्या गोष्टी हमखास जातात.

आणि वेळ पाच मिनिटांपेक्षा जास्त नको. एक छोटं स्तोत्र, तेही दहावीचा मुलगा वाचेल, त्या दिवशीच्या नावासाठी एकाने प्रार्थना करायची, मग सगळ्यांनी मिळून प्रभूची, म्हणजे येशूने शिकवलेली, प्रार्थना. अर्धा तास केलात तर तुमचा तो जुना फोनसुद्धा कोणीतरी लपवून ठेवेल.

प्रश्न : ताई, मी वसईचा, वय १७, अंधेरीला कॉलेजला जातो. मम्मीने फॅमिली ग्रुप बनवलाय, त्यावर दिवसातून चार-पाच वेळा येतं "प्रार्थना झाली का?" आणि ब्लू टिक दिसली आणि मी रिप्लाय नाही दिला तर संध्याकाळी विषय निघतो. मी कधीकधी न करताच 🙏 टाकतो. मला देवावर विश्वास नाही असं नाहीये. पण हे असं नको वाटतं. — तुमचा एक वाचक

तुझं पत्र प्रामाणिक आहे आणि तुला नको वाटतं ते बरोबर वाटतं. पण आधी मम्मीची बाजू सांगते. तू सकाळी काळोखात निघतोस, विरार लोकलच्या त्या गर्दीत चढतोस, ती दिवसभर घरी किंवा कामावर तुझी काळजी करते आणि तुझ्यापर्यंत पोचायला तिच्याकडे तो फोनच आहे. "प्रार्थना झाली का" यातला अर्धा प्रश्न "पोचलास का, जेवलास का" हाच असतो.

पण मम्मी हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते. तुमच्या चर्चची एंजेलसची, म्हणजे मरियेच्या त्रिकाळ प्रार्थनेची, घंटा आठवा. सकाळी, दुपारी बाराला आणि संध्याकाळी, तीन ठोके, थांबणं, तीन ठोके, थांबणं, पुन्हा तीन, आणि मग सलग नऊ. वसईत आणि गोव्यात आपली आजी-आजोबांची पिढी त्या ठोक्यांना होती तिथे उभी राहायची, वाडीत पाणी लावत असली तरी. दुपारची घंटा तर पोप कॅलिक्स्टस तिसरे यांनी १४५६ मध्ये बेलग्रेडला वेढा पडला होता तेव्हा सगळीकडे वाजवायला सांगितली होती, म्हणजे केवढी जुनी गोष्ट आहे बघा. एवढी शतकं ती घंटा वाजतेय पण तिने कधी कोणाला विचारलं नाही की तू थांबलास का. ती बोलावते आणि गप्प होते, पुढचं त्या माणसाचं आणि देवाचं. ग्रुपवर मात्र टिक दिसतात, कोणी वाचलं, कोणी उत्तर दिलं, आणि नकळत हजेरीपत्रक तयार होतं. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू दार लावून गुप्तपणे प्रार्थना कर म्हणतो ते यासाठीच, की कोणी बघतंय म्हणून केलेली प्रार्थना तिथल्या तिथे संपते. मुलगा न करता हात जोडल्याची इमोजी टाकतोय म्हणजे तो खोटं बोलायला शिकतोय, आणि तेही प्रार्थनेच्या विषयात. हे तुम्हाला नक्कीच नको असेल.

ग्रुप बंद करू नका पण प्रश्न बंद करा. त्याऐवजी त्यावर गरज टाका. "आज नानांची अँजिओग्राफी आहे, अकरा वाजता." बस. ज्याला करायची तो करेल, उत्तर मागू नका.

आणि तुला सांगते, मम्मीच्या मेसेजवर चिडून गप्प बसू नकोस, स्वतःची एक खूण निवड आणि तिला सांग की मम्मी माझी वेळ ही आहे. तुझी गाडी नायगाव सोडल्यावर भाईंदरच्या आधी खाडीवरून जाते ना, तिथे डब्यातले कितीतरी लोक हात जोडतात, आपापल्या देवाला. तीच तुझी जागा कर. पुलावर गाडीचा आवाज बदलतो, तो मोबाइलकडे न बघताही कळतो, कानात इअरफोन असेल तर त्या पुलापुरता काढ. एक "नमो मरिये" ही छोटी प्रार्थना, एक नाव, झालं. जाताना आणि येताना, रोज, कोणाला काही न कळवता. तुला हवं असेल तर फोनमध्ये रोझरीची, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेची, ॲप्स भरपूर आहेत, २०१९ मध्ये तर पोपच्या प्रार्थना नेटवर्कने हातात घालायची ई-रोझरी काढली, क्रुसाची खूण केली की ती चालू होते. चर्चला या वस्तूंचं वावडं नाहीये. पण वयाच्या सतराव्या वर्षी मला विचारशील तर आधी ती खाडी.

प्रश्न : मी मिरजेत नर्सिंग केलं, आता इंग्लंडमध्ये हॉस्पिटलला आहे. आई मिरजेत एकटी असते. आम्ही दोघी रोज फोनवर प्रार्थना करतो, तिच्याकडचे रात्रीचे नऊ म्हणजे माझ्याकडचे साडेचार. पण ऑक्टोबरनंतर सगळा घोळ होतो, ती वाट बघून झोपते. आणि लाँग डे, म्हणजे दिवसभराची लांब शिफ्ट, असला की फोन लॉकरमध्ये, तेव्हा तर काहीच होत नाही. दिवस कोरडा जातो ताई.

घोळ होतो कारण तुमच्याकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी परत पुढे. मिरजेतलं घड्याळ कुठेच जात नाही. म्हणजे उन्हाळ्यात आईचे नऊ ते तुझे साडेचार, पण हिवाळ्यात आईचे नऊ ते तुझे साडेतीन, आणि तू तुझ्या साडेचारला फोन करतेस तेव्हा तिच्याकडे दहा वाजलेले असतात. अलार्म घड्याळाच्या ॲपमध्ये लावू नकोस, कॅलेंडरमध्ये रोजचा कार्यक्रम म्हणून टाक आणि तिथे टाइम झोन विचारतात त्यात भारताची वेळ, कोलकाता, असं निवड. मग तुझ्याकडे घड्याळ मागे जावो नाहीतर पुढे, सूचना आईच्या नऊलाच येईल. कॅलेंडरचा आवाज बारीक असतो म्हणून दोन सूचना लाव, एक दहा मिनिटं आधी, एक वेळेवर. आईला काहीच बदलायला लावू नकोस, तिचे नऊ नऊच राहू देत. एकट्या बाईच्या दिवसाला तेवढा आधार असतो.

लाँग डेला फोन नसला तरी तुझ्या हाताशी सगळ्यात जास्त वेळा येणारी वस्तू आहे की, प्रत्येक बेडजवळचं ते सॅनिटायझर आणि वॉर्डातलं बेसिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमाप्रमाणे हँडरब २० ते ३० सेकंद चोळायचं आणि साबण-पाण्याने धुतलं तर सगळं मिळून ४० ते ६० सेकंद, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हटली तर साधारण अर्धा मिनिट लागतं. आता ज्या पेशंटकडे जायचंय त्याचं नाव मनात घे आणि हात चोळता चोळता ती म्हण, किंवा नुसतं "प्रभू, या माझ्या हातांनी याला बरं वाटू दे" एवढं म्हण. एका शिफ्टमध्ये हे कितीदा होतं याचा विचार कर. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातल्या जुन्या सिस्टर्स ड्यूटी सुरू करायच्या आधी प्रार्थना करायच्या, तेच तू दिवसभर बेडागणिक करशील. आणि घरी पोचल्यावर आईला एक व्हॉइस नोट टाक, आज कोणाकोणासाठी केली ते सांग, पेशंटची नावं न घेता अर्थातच. तिच्या सकाळी ती ऐकेल आणि त्यांच्यासाठी ती पण करेल.

प्रश्न : आमच्या मंडळीच्या ग्रुपवर रोज पहाटे बायबलचं वचन येतं, गुलाबाच्या फुलासकट. मी ते सगळ्यांना फॉरवर्ड करते. ही पण प्रार्थनाच झाली ना? — जालना

वचन रोज मिळणं ही खूप चांगली आणि जुनी गोष्ट आहे. जर्मनीत हेर्नहूट गावी मोराव्हियन नावाच्या प्रोटेस्टंट मंडळीत १७२८ पासून रोज एक वचन घरोघरी जाऊन सांगायचे, १७३१ पासून ते छापून निघायला लागलं आणि अजूनही निघतंय. पण तिथे वचन घेऊन माणूस दारात यायचा. फॉरवर्ड केलं म्हणजे प्रार्थना झाली असं मी म्हणणार नाही. एक करून बघा, सगळ्यांना पाठवण्याऐवजी रोज फक्त एका माणसाला पाठवा, आणि पाठवायचं बटण दाबायच्या आधी डोळे मिटून त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा, मग खाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहा, "आज तुझी आठवण केली." गुलाब नसला तरी चालेल.

प्रश्न : स्वयंपाक करताना मी यूट्यूबवर प्रार्थना लावून ठेवते. चालेल का?

चालेल. पण दिवसातून एकदा तरी तो बंद करून स्वतःच्या शब्दांत बोला, मोडकंतोडकं का होईना. दुसऱ्याची प्रार्थना ऐकून ऐकून आपली जीभ मुकी होते.

प्रश्न : माझं लग्न हिंदू घरात झालंय, पुण्यात. सासरचे चांगले आहेत, मला चर्चला जाऊ देतात. संध्याकाळी सातचा अलार्म लावलाय, त्याला ख्रिस्ती गाण्याची ट्यून आहे. नेमका तेव्हाच सासूबाई दिवा लावतात आणि शुभंकरोति म्हणतात. मला अवघडल्यासारखं होतं, ट्यून मध्येच वाजते. बंद केली तर मी घाबरले असं होईल का?

नाही गं, त्यात घाबरणं कसलं. कोणाच्या प्रार्थनेच्या मध्ये आपली ट्यून वाजू नये ही साधी माणुसकी आहे. फोन व्हायब्रेटवर ठेव, नाहीतर हातात फिटनेस बँड असेल तर त्यावर अलार्म लाव, फक्त मनगटाला कळतं, आवाज होत नाही. आणि वेळ बदलू नकोस. दिवेलागणीला त्या त्यांच्या देवापुढे बसतात तेव्हा तू तुझ्या खोलीत जाऊन बस, घरात तेव्हा तशीही शांतता असते, टीव्ही बंद असतो, कोणी तुला हाक मारत नाही. एखाद्या दिवशी सासूबाईंना विचार, "आई, तुमच्यासाठी कशासाठी प्रार्थना करू?" मला खात्री आहे त्या सांगतील.

प्रश्न : माझं छोटं किराणा दुकान आहे, पिंपरीत. काउंटरवर तो पेमेंटचा स्पीकर आहे, पैसे आले की "अमुक रुपये प्राप्त झाले" बोलतो. मला सवय लागलीय, तो बोलला की समोरच्या गिऱ्हाइकासाठी मनात प्रार्थना करतो. बायको म्हणते पैशाच्या आवाजावर प्रार्थना बरी दिसत नाही.

दादा, तुमची सवय मला फार आवडली, ही सोडू नका. येशूचा शिष्य मत्तय जकातीच्या नाक्यावरच बसला होता तेव्हा प्रभूने त्याला बोलावलं, पैशाच्या जागेचं देवाला वावडं नाही. वहिनींच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. स्पीकर आकडा बोलतो, आणि मन आकड्याच्या मागे जातं, पाचशे आले की आनंद, दहा आले की काही नाही. तर आकडा कानावर पडला की मान वर करून माणसाचा चेहरा बघायचा आणि मगच प्रार्थना करायची. दहा रुपयांची कोथिंबीर नेणाऱ्या आजीला पाचशेवाल्याइतकीच मिळाली पाहिजे. आणि उधारीवर नेणाऱ्यांचं काय, त्यांच्या वेळी तर स्पीकर बोलतच नाही! त्यांच्यासाठी उधारीची वही आहे ना, तुम्ही त्यात नाव लिहिता तेव्हा करा. त्यांना गरज जास्त आहे.

प्रश्न : मी श्रीरामपूर तालुक्यातला, वय ७४. माझ्याकडे साधा बटणांचा फोन आहे, ॲप बीप काही नाही. नातवंडं पुण्याला, संभाजीनगरला, एक नात दुबईला. त्यांच्यासाठी मी प्रार्थना करतो पण त्यांना त्या वेळेला नक्की काय चाललंय हे मला कळत नाही, सगळं झाल्यावर कळतं. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना या टेक्नॉलॉजीत जागा आहे का?

आजोबा, सगळ्यात जास्त जागा तुम्हालाच आहे. तुमच्या फोनमध्ये जे आहे ते आम्ही स्मार्टफोनवाले विसरून गेलोय, मिस कॉल. आपल्याकडे मिस कॉलवर काय काय चालायचं, "पोचलो" म्हणून एक रिंग, "खाली ये" म्हणून दोन. तेच नातवंडांसोबत ठरवून घ्या. परीक्षेच्या हॉलमध्ये जायच्या आधी, इंटरव्ह्यूला आत बोलावलं की, डॉक्टरकडे नंबर लागला की, एक रिंग द्यायची आणि कट करायचा. तुम्ही उचलायचा नाही. स्क्रीनवर नाव आलं की कोण ते कळलं, तुम्ही असाल तिथे, ओट्यावर, शेतात, टोपी काढायची आणि त्या पोरासाठी प्रार्थना सुरू. पैसे लागत नाहीत, नेट लागत नाही, आणि परीक्षेला बसलेल्या पोराला पक्कं ठाऊक असतं की आत्ता या मिनिटाला आजोबा माझं नाव घेतायत. दुबईची नात तिकडून व्हॉट्सॲपवर रिंग देते म्हणेल पण तुमच्या फोनवर ते येणार नाही, तर तिने पुण्याच्या भावाला मेसेज करायचा आणि भावाने तुम्हाला लागोपाठ दोन रिंग द्यायच्या, दोन म्हणजे दुबई. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, वर्षभर तेवढीच, तेव्हा तिचा सकाळी आठचा काही विषय असेल तर तुमचे साडेनऊ.

फोनमध्ये नातवंडांची नावं नीट सेव्ह आहेत का ते एकदा कोणाकडून तरी तपासून घ्या, बऱ्याच बटणांच्या फोनमध्ये नुसता नंबरच दिसतो आणि मग कोणाची रिंग ते कळत नाही. जमत असेल तर फोन दुरुस्तीवाल्याकडून नावं मराठीत टाकून घ्या, काही फोनमध्ये ती सोय असते. आणि रिंगचा आवाज मोठा ठेवा. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला नातवंडं आली की सगळ्यांना एकत्र बसवून हे ठरवून टाका, कोणाची किती रिंग ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवा, म्हणजे घरात दुसऱ्या कोणी फोन बघितला तरी त्याला तुम्हाला हाक मारून सांगता येईल.